कसा लागता?

तातू कधीही पहिला घास खात नाहीत. लग्नाची पंगत असो, जत्रेतलं भज्यांचं दुकान असो की स्वतःचं घर, समोर पान आलं की ते दोन्ही हात मांडीवर ठेवतात आणि शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडे बघत राहतात. त्याने घास घेतला, चावला, गिळला, की विचारतात, "कसा लागता?" त्याने नुसतं "बरा" म्हणून भागत नाही. "बरा म्हणजे कसा? आंबट लागता काय तुरट? मीठ खंय पोचला? सविस्तर सांग." सविस्तर सांगून होईपर्यंत त्या बिचाऱ्याचा भात गार होतो. मग तातू स्वतःचा घास घेतात, डोळे मिटतात आणि निकाल देतात.

एरवी तातू अस्सल मालवणीत बोलतात, पण निकाल मात्र शुद्ध मराठीत. तीस वर्षं ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. माईक गेला, पण त्याची सवय घशात राहिली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सोलकढीत लसूण वेळेवर आलेली आहे. मीठ थोड्या विलंबाने येण्याची शक्यता आहे." आचारी पळत जाऊन मीठ घालतो, आणि गंमत म्हणजे सोलकढी खरंच सुधारते.

गावात लग्न निघालं की मांडवाच्या आधी तातूंना सांगावा जातो. कालवण उतरवण्यापूर्वी त्यांनी चव बघायची असा रिवाज आहे. पूर्वी म्हणे ते स्वतः डाव तोंडाला लावायचे. आता ते कुणाला तरी खायला लावतात आणि त्याचं तोंड वाचतात. तातू वरच्या पोस्टवर गेले, असं लोक म्हणतात. मी एकदा त्यांना छेडलंच. म्हटलं, "तातू, जीभ तुमची आणि राबवता दुसऱ्याची?"

"चव जिभेर नसता रे मास्तरा," तातू म्हणाले. "तोंडार असता. खाणाऱ्याच्या तोंडार."

मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतो. तीन वर्षांपूर्वी बांद्याहून बदली होऊन मालवणात आलो आणि तातूंच्या शेजारची खोली घेतली. एकटा माणूस, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्याकडे जेवायला असतो. म्हणजे त्यांच्या शेजारचं पान माझं असतं. आता मी पाणी प्यायलो तरी मनात सविस्तर उत्तर तयार करतो.

काकी म्हणजे तातूंच्या मंडळी. त्यांच्या हाताला एके काळी सगळ्या वाडीत नाव होतं. मी आलो तेव्हा ते नाव जायला लागलं होतं, आणि कारण एकच, तिरफळ. ज्यांनी तिरफळ खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. काटेरी झाडाचं मिऱ्याहून थोरलं फळ, आतली काळी बी काढून वाळवलेलं. बांगड्याच्या नाहीतर तारल्याच्या कालवणात शेवटी ठेचून टाकायचं. चावलं की जिभेला मुंग्या येतात. बांगड्यात ते हवंच, आणि दुसरीकडे कुठे घातलं तर लोक घरातल्या बाईकडे संशयाने बघतात. काकी ते वरणात घालतात. अंड्याच्या कालवणात, बटाट्याच्या भाजीत घालतात. एकदा शिऱ्यात निघालं. मी ते बेदाणा समजून चावलं आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला 'विषुववृत्त' हा शब्द मला नीट उच्चारता आला नाही.

परवाच्या साली चवथीला ऋषीच्या भाजीत मूठभर तिरफळं निघाली. भावकीतल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. गेल्या चवथीला त्यांनी काकींना रांधपातून, म्हणजे स्वयंपाकातून, अलगद बाजूला केलं आणि केळीची पानं पुसायला बसवलं. "काकीचो हात गेलो," असं वाडीत हळू आवाजात बोलतात. तातू मात्र ताट चाटून पुसून खातात आणि रोज म्हणतात, "मस्त झाला."

तर या तातूंनी, ज्यांनी जन्मात कोल्हापूरच्या पलीकडचा फलाट बघितला नव्हता, गेल्या वर्षी एकाएकी जाहीर केलं की आपण आशिया खायला जाणार. "हयचा सगळा खावन झाला," एवढंच कारण. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलीने व्हिएतनाम, मलेशिया, थायलंड अशी दहा दिवसांची सहल ठरवून दिली. काकींनी साफ नकार दिला. "माका धामापूरची एसटी लागता. ह्या इमान काय सोडतला?" धामापूर त्यांचं माहेर, आणि इमान म्हणजे विमान. तेव्हा खोलीतल्या दुसऱ्या पलंगासाठी माझी निवड झाली. सव्वीस वर्षं मुलांना मोसमी वारे शिकवले आणि स्वतः गोव्यापलीकडे गेलो नव्हतो, त्यामुळे मीही आढेवेढे घेतले नाहीत.

निघताना काकींनी मला बाजूला घेतलं आणि हातात एक पितळी डबी दिली. आत कुटलेली तिरफळं. "ते जेवूक बसले काय तेंच्या ताटात चिमूटभर घाल. इसरू नको हां." मी मान डोलावली. मनात म्हटलं, वाडी म्हणते ते खरं आहे.

डबी काही टिकली नाही. हनोईच्या विमानतळावर तपासणीवाल्याने माझी पिशवी उघडली, डबीचं झाकण काढून हुंगलं, चार वेळा शिंकला आणि डबी पिंपात टाकली. तातू शेजारीच उभे होते. "काय होता ता?" मी सांगितलं. ते त्या पिंपाकडे बराच वेळ बघत राहिले. "बिचारी," म्हणाले. "तिका आता काय समाजणा नाय रे."

हनोईत लोक फुटपाथवर बसून खातात, आणि बसायला जे देतात ते आमच्या बालवाडीतसुद्धा चालणार नाही एवढं लहान स्टूल. तातू त्यावर बसले ते ठीक, उठवायला दोन माणसं लागली. समोर तांदळाच्या शेवयांचं वाफाळतं सार आलं. त्यात गाईचं मांस नाही ना, ही माझी चिंता. भाषा कुणालाच येत नव्हती, तेव्हा तातूंनी मान वर करून कोंबड्याची बांग दिली. दुकानवाल्या बाईने मान हलवली आणि तिच्या देशातला कोंबडा जसा आरवतो तसा आरवून दाखवला. मग दोघं आळीपाळीने आरवले. रस्त्यावरचे लोक थांबले. एवढं होऊन सार कोंबडीचंच निघालं.

"कसा लागता? सविस्तर."

मी सांगितलं. हाडांचा गोडवा आहे, वरून लिंबू, कोथिंबीर, आणि तुळशीची बहीण असेल असा एक पाला. तातूंनी घास घेतला, डोळे मिटले. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. शेवया फलाटावर लागलेल्या आहेत." एवढंच. बाई बिचारी पुढच्या घोषणेची वाट बघत उभी होती.

दुसऱ्या दिवशी एका गाडीवर तव्यावरचं पिवळंधमक घावन मिळालं, आत कोलंबी भरलेली. मलेशियातल्या पेनांगमध्ये तर एका माणसाने नारळाच्या दुधात हिरव्या शेवया आणि गूळ घालून दिला. आमचे शिरवाळेच, फक्त हिरवे, आणि वर किसलेला बर्फ. मला एवढं भरून आलं की मी न विचारताच सविस्तर सांगायला लागलो. तातू माझ्या तोंडाकडे बघत होते. "तुका आवडला मां?" म्हणाले आणि आपली वाटीही माझ्याकडे सरकवली. तातूंनी वाटी सरकवली याचं मला नवल वाटायला हवं होतं. पण माझं लक्ष वाटीकडे होतं.

तिथेच ड्युरियनचा प्रकार झाला. दिसायला फणस, वास मात्र असा की आमच्या सहलीतली वीस माणसं नाकाला रुमाल लावून बसमध्ये जाऊन बसली. एक पुणेकर बाई पुढचे दोन दिवस जेवल्या नाहीत. तातूंनी शांतपणे बोटांनी गर काढून तीन गरे खाल्ले. मी लांबून ओरडून विचारलं, "तातू, वास नाही येत?"

"फणसाचो चुलत भाव तो," तातू म्हणाले. "वास कसलो?"

केवढा हा संयम, असं म्हणून मी सगळ्या बसला तातूंची थोरवी सांगितली. बसने टाळ्या वाजवल्या. तातू खिडकीशी बसून बाहेर बघत राहिले. बँकॉकला पोचेपर्यंत घोषणा बंदच झाल्या होत्या. नुसतं विचारायचे, "कसा लागता?" मी सांगायचो, ते मान डोलवायचे आणि उरलेलं माझ्या ताटात टाकायचे. माझं वजन वाढत होतं, त्यांचे गाल आत जात होते. वयाला परकं अन्न मानवत नसेल, असं मी ठरवून टाकलं.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळे खरेदीला गेले आणि आम्ही दोघं एका बाजारातून भटकत होतो. एक म्हातारी निखाऱ्यावर काड्यांना टोचलेलं काहीबाही भाजत होती. भेंडी, अळंबी, कोंबडी. भाजून झालं की त्यावर लालभडक मसाला भुरभुरायची. मी एक काडी घेतली. तातूंनी हात मागे बांधले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले.

मी चावलं. आधी तिखट लागलं. मग ओठ थरथरले आणि जिभेला मुंग्या आल्या. अगदी ओळखीच्या, शिऱ्यातल्या.

"तातू," मी म्हटलं, "ह्यात तिरफळ आहे."

त्यांनी सविस्तर विचारलं नाही. माझ्या हातातली काडी ओढून घेतली आणि खाल्ली. मग दुसरी, तिसरी. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, मिरची. म्हातारीलाही तसंच वाटलं, ती पाण्याची बाटली घेऊन धावली. तातूंनी हातानेच नको म्हटलं.

"लागता रे," ते म्हणाले. "माका लागता."

तिथल्याच एका बाकड्यावर बसून त्यांनी मला सांगितलं. "तीन वर्षा झाली. त्या साथीत ताप इलो. ताप गेलो तो जाताना चव घेवन गेलो. वास नाय, मीठ नाय, साखर नाय. डॉक्टरान सांगल्यान, येतली परत. मी जन्मभर स्टँडार बसान लोकांका तेच सांगलंय, येतली, येतली म्हणान. तेचो अर्थ माका ठावक आसा."

"आणि लग्नातलं ते चव बघणं?"

"लोक बोलवतत रे. नाय कसा म्हणू? तोंडा बघतंय आणि सांगतंय. अजून चुकूक नाय."

मी सगळ्या बसला त्यांचा संयम सांगत फिरलो होतो. मला माझीच लाज वाटली. विचारलं, "काकींना माहीत आहे?"

"तिका कळता कामा नये," तातू एकदम म्हणाले. "चाळीस वर्षा रांधता ती माझ्यासाठी. माका काय लागणा नाय असा समाजला, तर ती चुलीफुडे बसतली कोणासाठी?" मग म्हणाले, "तशी तीव आता पयली रवली नाय. सगळ्यात तिरफळा घालता. लोक हसतत, माका दिसता. पण माझा बरा झाला. तेवढा एक माका लागता. जिभेक मुंग्ये येतत, जेवतंय असा वाटता. मी मस्त म्हणतंय, म्हणजे तिका वायट वाटूक नको."

"मग इतक्या लांब कशाला आलात?"

"वाटलेला, एवढो मोठो आशिया. खंय तरी एक पदार्थ असतलो जो माका लागतलो." त्यांनी रिकाम्या काडीकडे बघितलं आणि हसले. "लागला ता आमच्याच परड्यातला."

मग ते उठले, म्हातारीकडे गेले आणि काडी दाखवून हे काय म्हणून खुणेने विचारलं. तिने बरणी काढली. आत तांबूस, फुटलेली, तिरफळांच्या धाकट्या भावंडांसारखी फळं. तातूंनी तिला बांगड्याचं तिखलं हे झणझणीत कालवण कसं करायचं ते घोषणेच्या आवाजात सांगितलं, आंबट कधी, नारळ कधी, तिरफळ कोणत्या फलाटावर. ती प्रत्येक वाक्याला मान डोलवत होती आणि शेवटी तिने एक पिशवी भरून दिली. ती पिशवी तातूंच्या लोकरी मोज्यात बसून मालवणात आली. ते कायद्यात बसतं की नाही, हे मी विचारलं नाही.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी तातू बाजारात गेलेले बघून मी काकींकडे गेलो. डबी पिंपात गेली ते सांगणं भाग होतं. काकी घरामागच्या परड्यात सूप घेऊन तिरफळं निवडत होत्या. माहेरच्या झाडाची, काढताना काट्यांनी बोटं ओरबाडलेली.

"मगे धा दीस जेवले काय ते?" त्यांनी विचारलं. मी जेवले म्हणालो. काकींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या घरात तोंड वाचायची कला एकट्या तातूंचीच नव्हती.

"म्हणजे तुका सांगल्यानी," काकी म्हणाल्या.

मी सुपातलं एक तिरफळ उचलून बघू लागलो.

"माका पयल्याच आठवड्यात समाजला. चाळीस वर्षा रोज कायतरी एक कण कमी असायचा. मीठ एक कण कमी, कोकम एक कण कमी. कदी बरा म्हणून म्हणूक नाय. आणि त्या तापातसून उठले तर रोज मस्त. पेज मस्त, चटणी मस्त. तेवाच समाजला, ह्यांका काय लागणा नाय. मगे एकदा बांगडे केलंय, तर तिरफळ दाताखाली इला आणि ते हात थांबवन बसले. परत भात मागल्यानी. त्या दिवसापासून घालतंय."

"म्हणजे तुम्ही मुद्दाम घालता?"

"मगे काय माका येड लागला?" काकी म्हणाल्या. "माका तर तिरफळाचो वासव आवडणा नाय. लहानपणापासून काडून काडून कंटाळलंय."

मला भावकीतल्या बायका आठवल्या. म्हटलं, "काकी, लोक काय काय बोलतात. चवथीला तुम्हाला पानं पुसायला..."

"पाना कोणीतरी पुसूक व्हयीच मां?" त्यांनी एक काळी बी उडवून टाकली. "तू आमच्या ह्यांका सांगू नको. तेंका वाटता, माका काय कळणा नाय. वाटांदे. म्हणान तरी जपतत माका." मग त्यांनी सूप जवळ ओढलं. सुपाकडे बघतच म्हणाल्या, "फकत ता मस्त माका सोसणा नाय रे. एकदा तरी चूक काडूक व्हयी तेंनी."

रविवारी दुपारी जेवायला बोलावणं आलं. बांगड्याचं तिखलं होतं, मोज्यातून आलेला माल त्यात पडला होता, घरचाही होता. तातूंनी हात मांडीवर ठेवले. काकी डाव घेऊन समोर बसल्या. त्यांच्या स्वतःच्या ताटाच्या कडेला वेगळी काढलेली तिरफळं ओळीने मांडली होती. मी घास घेतला. दोन माणसांची दोन गुपितं तोंडात धरून चौथा दिवस होता, त्यामुळे भाताला तशी जागा कमीच होती.

"कसा लागता, मास्तरा? सविस्तर."

तिखल्यात तिरफळ इतकं होतं की माझा खालचा ओठ मला सापडत नव्हता. मी घास गिळला आणि म्हणालो, "तिरफळ एक कण कमी आसा."

काकींचा डाव थांबला. तातूंनी माझं तोंड निरखून बघितलं. मग त्यांनी काकींच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे जरा जास्त वेळ बघितलं. त्यांना किती कळलं ते मला आजही ठाऊक नाही. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले. मी घोषणेची वाट बघत होतो. पण ती आली नाही. डोळे उघडून ते साध्या, घरच्या आवाजात म्हणाले,

"व्हय गो. एक कण कमीच आसा."

"व्हया तर जेवा, नायतर उठा," काकी कडाडल्या. "चाळीस वर्षा ह्याच ऐकतंय. कदी तरी बरा म्हणशात?" आणि तरातरा उठून आत गेल्या.

आतून ठेचण्याचा आवाज येऊ लागला. ठेचायची ती दोन तिरफळं, पण आवाज बराच वेळ येत राहिला. समोर भात गार होत होता. मी तातूंकडे बघितलं, म्हटलं, जेवा. तातूंनी मान हलवली, दोन्ही हात पुन्हा मांडीवर ठेवले आणि काकी बाहेर येईपर्यंत दाराकडे बघत बसून राहिले.